चरबी उतरवताना बारवरचं वजन कसं टिकवायचं

कटिंग (चरबी उतरवण्याचा काळ) सुरू झालं की बहुतेक जण एकाच आठवड्यात दोन बदल करतात. खाणं कमी करतात, आणि जड वजनं सोडून हलक्या वजनाचे पंधरा-वीस रेप्सचे (म्हणजे न थांबता तीच हालचाल तितक्या वेळा करण्याचे) सेट मारायला लागतात, स्नायू ठळक दिसून ‘कट’ यावेत म्हणून. पहिला बदल आवश्यकच आहे. ताकद जाते ती बहुतेक वेळा दुसऱ्यामुळे.

हलक्या वजनाच्या भरपूर रेप्सनी चरबी जास्त जळते हा समज जिममध्ये मुरलेला आहे. तासाभराच्या वजनाच्या व्यायामात साधारण दोनशे ते साडेतीनशे कॅलरी खर्च होतात. सेट पाच रेप्सचे होते की वीस, याने त्यात फारसा फरक पडत नाही. चरबी उतरते ती खाण्यातल्या तुटीमुळे, म्हणजे खर्चापेक्षा कमी कॅलरी खाल्ल्यामुळे. या काळात व्यायामाकडे एकच काम असतं: जड वजन अजून उचलायचं आहे, हे शरीराला सतत जाणवून देणं. ऊर्जा कमी पडत असताना ज्या स्नायूवर ताण येत नाही तो पोसायला शरीर नाखूश असतं. शिवाय जड बार पेलणं हे मज्जासंस्थेचं कौशल्यही आहे, आणि सरावाशिवाय ते गंजतं. दोन महिने कमाल वजनाच्या (एकदाच जेमतेम उचलता येईल तेवढ्या वजनाच्या) ६० टक्क्यांवर पंपिंग केलं तर स्नायू बऱ्यापैकी राहतीलही, पण ९० टक्क्यांचा बार खांद्यावर घेताना तो परका वाटेल.

म्हणून पूर्ण काळासाठी कपातीचा क्रम आधीच ठरवून ठेवा. थकवा वाढला तर पहिल्यांदा किरकोळ व्यायाम कमी करा, मग मुख्य लिफ्टचे (स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट अशा बारने करायच्या मोठ्या व्यायामांचे) सेट, आणि बारवरचं वजन सगळ्यात शेवटी.

कुणाची ताकद किती टिकेल

हे आधी समजून घेतलं की पुढची निराशा टळते. व्यायाम सुरू करून वर्षही झालं नसेल, मोठ्या खंडानंतर परत आला असाल किंवा अंगावर चरबी बरीच असेल, तर तूट असतानाही ताकद वाढू शकते. अशा लोकांनी ‘टिकवण्या’वर समाधान मानू नये, महिन्याला अडीच-पाच किलो वाढवायचा प्रयत्न चालू ठेवावा. तूट आणि वजनाचा व्यायाम यांवरच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं गेलं, तेव्हाही असंच दिसलं: दिवसाला सुमारे ५०० कॅलरींच्या तुटीत स्नायूंची वाढ थांबते, ताकदीची वाढ मात्र त्या प्रमाणात अडत नाही.

उलट, अनेक वर्षं नियमित व्यायाम केलेला आणि आधीच सडसडीत असलेला माणूस आणखी खाली जाऊ पाहतो, तेव्हा थोडी घट धरूनच चालावं. पुरुषांच्या बाबतीत शरीरातली चरबी १० ते १२ टक्क्यांच्या खाली आणि स्त्रियांच्या बाबतीत १८ ते २० टक्क्यांच्या खाली गेली, की प्रत्येक किलो महाग पडतो. अशा वेळी बेंच प्रेस तीन-चार टक्क्यांनी उतरली म्हणजे काही बिघडलंय असं नाही.

दुसरा हिशेब वजनाच्या तुलनेतला. ९० किलोचा माणूस १६० किलोचा स्क्वॉट मारतो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या १.७८ पट. तोच ८२ किलोवर येऊन १५५ मारत असेल तर १.८९ पट. बारवरचे ५ किलो गेले, तरी माणूस वजनाच्या मानाने अधिक ताकदवान झाला. वजनगटात स्पर्धा खेळणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. इतरांनी वहीत दोन्ही आकडे लिहावेत.

तूट किती आणि ती मोजायची कशी

पहिले दोन आठवडे काहीही कमी करू नका. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी वजन करा आणि दिवसभरात जे खाल ते किचनच्या काट्यावर मोजून लिहा. तेल, साखर, चहा-कॉफीतलं दूध, चव घेताना तोंडात टाकलेला घास, सगळं. पहिल्या आठवड्याची सरासरी आणि दुसऱ्याची सरासरी साधारण सारखी असेल, तर तुम्ही खात होता तेवढ्या कॅलरींवर वजन स्थिर राहतं. एवढा धीर नसेल तर आठवड्याला तीन-चार दिवस व्यायाम करणाऱ्याने शरीराच्या वजनाला (किलोमध्ये) ३० ते ३३ ने गुणावं. हा फक्त सुरुवातीचा अंदाज. खरं काय ते पुढचे तीन आठवडे काटाच सांगेल.

त्यातून १५ ते २० टक्के वजा करा. उदाहरणार्थ, ८० किलोच्या माणसाचं वजन २६०० कॅलरींवर स्थिर आहे. ४५० वजा केल्या, राहिल्या २१५०. आठवड्याची तूट झाली ३१५०. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी धरतात, म्हणजे आठवड्याला सुमारे ४०० ग्रॅम, शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का.

ताकद टिकवायची असेल तर आठवड्याला अर्धा ते पाऊण टक्का हा वेग बरा. चरबी भरपूर असेल तर सुरुवातीला एक टक्क्यापर्यंत चालतं, आणि जसजसे सडसडीत व्हाल तसतसा वेग कमी करावा लागतो. नॉर्वेतल्या उच्च दर्जाच्या खेळाडूंवरचा २०११ चा एक अभ्यास या बाबतीत बोलका आहे. एका गटाने आठवड्याला ०.७ टक्के वजन घटवलं, दुसऱ्याने १.४ टक्के, वजनाचा व्यायाम दोघांनीही केला. हळू घटवणाऱ्यांचं चरबीविरहित वजन उलट सुमारे दोन टक्क्यांनी वाढलं, घाई करणाऱ्यांचं वाढलं नाही.

पहिल्या आठवड्यात काटा एकदम एक-दोन किलो खाली येतो. ती चरबी नाही. स्नायूंमधला ग्लायकोजेन (साठवलेली साखर) कमी होतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साठलेलं सुमारे तीन ग्रॅम पाणीही जातं. म्हणून वेगाचा हिशेब दुसऱ्या आठवड्यापासून करा, आणि एका दिवसाच्या आकड्यावर काहीही ठरवू नका. स्त्रियांमध्ये पाळीच्या आधी पाण्यामुळे वजन किलो-दोन किलो वर जाऊ शकतं, त्यामुळे या महिन्याचा आठवडा मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडून पाहावा. बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेरही आठवड्यातून एकदा मोजा. काटा अडला असताना घेर कमी होत असेल तर खाण्याला हात लावायची गरज नाही.

कॅलरींची वाटणी

प्रोटीन आधी ठरवा. शरीराच्या दर किलोमागे १.८ ते २.२ ग्रॅम. चरबी खूप असेल तर सध्याच्या वजनाऐवजी जिथे पोचायचं आहे ते वजन धरा, नाहीतर आकडा विनाकारण फुगतो. तूट मोठी असेल किंवा आधीच सडसडीत असाल तर वरच्या टोकाला राहा. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात तरुणांना चार आठवडे ४० टक्के तुटीवर ठेवून कसून व्यायाम करवला होता. दर किलोला १.२ ग्रॅम प्रोटीन घेणाऱ्यांचे स्नायू जेमतेम टिकले, २.४ ग्रॅम घेणाऱ्यांचं चरबीविरहित वजन किलोभराने वाढलं आणि चरबीही जास्त उतरली. एवढी मोठी तूट कुणी घ्यावी असा याचा अर्थ नाही, पण प्रोटीनवर काय अवलंबून असतं ते यातून कळतं. दिवसाचं प्रोटीन तीन ते पाच वेळांत विभागा, दर वेळी ३० ते ४५ ग्रॅम. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी भरून काढा. व्यायाम संपल्यापासून अर्ध्या तासात प्यायलंच पाहिजे, असली घाई नको.

मग स्निग्ध पदार्थ: दर किलोमागे ०.६ ते ०.९ ग्रॅम. यापेक्षा खाली बराच काळ राहिलात तर संप्रेरकांवर परिणाम होतो. शिवाय जेवण इतकं कोरडं होतं की आहार टिकत नाही.

उरलेलं सगळं कार्ब्सना, म्हणजे कर्बोदकांना. आपल्या ८० किलोच्या उदाहरणात १६० ग्रॅम प्रोटीनच्या ६४० कॅलरी, ६० ग्रॅम फॅटच्या ५४०, आणि उरलेल्या ९७० कॅलरींचे सुमारे २४० ग्रॅम कार्ब्स. कटिंग म्हणजे कार्ब्स बंद, असं करणारे इथेच फसतात. तीन ते सहा रेप्सच्या जड सेटला इंधन म्हणून ग्लायकोजेन लागतो, आणि तो रिता असेल तर पहिला सेट ठीक जातो, तिसऱ्याला बार थांबतो. दिवसभराचे कार्ब्स सारखे वाटू नका. व्यायामाच्या दीड-दोन तास आधी ४० ते ६० ग्रॅम आणि नंतरच्या जेवणात तेवढेच ठेवा, बाकीच्या वेळी भाज्या, कडधान्यं, फळं. विश्रांतीच्या एखाद्या दिवशी कार्ब्स ५० ग्रॅमने कमी करून जड स्क्वॉटच्या दिवशी तेवढे वाढवले तरी आठवड्याचा हिशेब तोच राहतो.

मीठ एकदम कमी करू नका. खाणं घटलं की मीठ आपोआप घटतं, पाणीही जास्त जातं, आणि मग जड स्क्वॉट रॅकवर ठेवताना डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र मिठाचं डॉक्टरांनाच विचारावं. किडनीचा आजार, मधुमेहाची औषधं, गरोदरपण किंवा पूर्वी खाण्याचा मानसिक आजार असेल तर हा सगळाच आहार सुरू करण्याआधी वैद्यकीय सल्ला घ्या.

पूरक गोष्टींत क्रिएटिन रोज ३ ते ५ ग्रॅम, व्यायाम असो-नसो. क्रिएटिनने पाणी धरतं म्हणून कटिंगमध्ये ते बंद करण्याची पद्धत आहे. ते पाणी स्नायूंच्या आत असतं, आणि बंद केल्यावर हळूहळू एखादी रेप जाते. कॉफी किंवा कॅफिन चालत असेल तर व्यायामाआधी तासभर, दर किलोला ३ मिलिग्रॅमपर्यंत, तेही फक्त जड दिवशी आणि झोपेच्या आठ तास आधी. फॅट बर्नरच्या डब्यावर पैसे घालवण्यासारखं काही नसतं.

व्यायामाची मांडणी

आधी आठवड्यात प्रत्येक मुख्य लिफ्टचे किती सेट मारत होता ते मोजा. त्यातले एक-तृतीयांश काढून टाका. बेंचचे १५ सेट होत असतील तर १०, स्क्वॉटचे १२ असतील तर ८. वजन तेच ठेवा. सेट कमी केल्याने ताकद जाईल ही भीती स्वाभाविक आहे, पण कमावलेलं टिकवायला ते कमावण्यापेक्षा खूप कमी काम पुरतं. अमेरिकेतल्या एका अभ्यासात १६ आठवडे व्यायाम केलेल्या तरुणांनी पुढचे ३२ आठवडे मूळ कामाच्या फक्त नवव्या भागावर आपली ताकद आणि स्नायूंचा आकार राखला. साठीपुढच्या लोकांना आकार राखायला मात्र त्याहून जास्त लागलं. त्या अभ्यासात कुणी उपाशी नव्हतं, म्हणून तूट असताना आपण नवव्या भागापर्यंत जात नाही. दोन-तृतीयांश हा सुरक्षित टप्पा आहे, आणि अगदीच थकलात तर निम्मा.

तीन दिवसांचा आठवडा असा बसतो.

पहिला दिवस: स्क्वॉटचा एक टॉप सेट (त्या दिवसाचा सर्वांत जड सेट), ३ रेप्स, अंगात आणखी दोन रेप्स शिल्लक राहतील एवढ्या वजनावर. मग बारवरून १० ते १२ टक्के उतरवून ५ रेप्सचे २ ते ३ सेट. बेंच प्रेस ५ रेप्सचे ४ सेट, कमाल वजनाच्या ७७ ते ८० टक्क्यांवर. बारबेल रो ८ रेप्सचे ३ सेट.

दुसरा दिवस: डेडलिफ्टचा टॉप सेट ३ रेप्स, मग १२ टक्के उतरवून ४ रेप्सचे १ ते २ सेट. ओव्हरहेड प्रेस ५ रेप्सचे ३ सेट. पुल-अप ३ सेट, दरवेळी एक रेप शिल्लक ठेवून.

तिसरा दिवस: बेंचचा टॉप सेट ३ रेप्स, मग ५ रेप्सचे ३ सेट. हलका स्क्वॉट, ७५ टक्क्यांवर ४ रेप्सचे ३ सेट, वर येताना जमेल तितक्या वेगाने. शेवटी ट्रायसेप्स आणि हॅमस्ट्रिंग कर्ल १० रेप्सचे दोन-दोन सेट. वेळ किंवा जीव नसेल तर पहिल्यांदा हेच गाळा.

दर दोन आठवड्यांनी एखाद्या लिफ्टचा टॉप सेट ३ ऐवजी १ रेपचा करा, साधारण ९० टक्क्यांवर, बार कुठेही अडू न देता. जड वजनाची सवय त्याने राहते आणि थकवा फारसा येत नाही. स्पर्धेसारखा कमाल प्रयत्न मात्र या काळात करू नका. उपाशी शरीरावर फसलेला कमाल प्रयत्न आठवडाभर अंगात राहतो.

‘दोन रेप्स शिल्लक’ ओळखणं नवख्यांना जमत नाही. ते सहसा चार शिल्लक असताना थांबतात. बारचा वेग पाहा. आपोआप, तुमच्या इच्छेविरुद्ध, रेप स्पष्टपणे मंद झाली की साधारण एक-दोनच उरलेल्या असतात. बाजूने व्हिडिओ काढला तर हे पटकन दिसतं. मुख्य लिफ्टमध्ये बार अडेपर्यंत सेट खेचायचा नाही, कारण त्या शेवटच्या रेपने मिळतं थोडं आणि भरून यायला लागतात जास्तीचे एक-दोन दिवस, जे तुटीत तुमच्याकडे नसतात. पुढच्या सेटला ठरलेल्यापेक्षा दोन रेप्स कमी आल्या, तर त्या लिफ्टचं त्या दिवसाचं काम संपलं असं समजा. एकट्याने बेंच किंवा स्क्वॉट मारत असाल तर रॅकच्या सेफ्टी पिन (बार अडला तर तो झेलणाऱ्या आडव्या दांड्या) योग्य उंचीवर लावल्याशिवाय सुरुवात नको.

विश्रांती टॉप सेटनंतर ३ ते ५ मिनिटं, बाकीच्यांना २ ते ३. घाम यावा म्हणून ती एका मिनिटावर आणणं ही कटिंगमधली सर्वांत सामान्य चूक आहे. श्वास लागतो, बारवरचं वजन उतरवावं लागतं, आणि ज्यासाठी जिममध्ये आलो तेच हातातून जातं.

दर चार ते सहा आठवड्यांनी एक हलका आठवडा घ्या. सेट निम्मे, वजन नेहमीच्या ९० टक्के. पोटभर खाण्याच्या काळात हा अवधी आठ आठवड्यांपर्यंत लांबवता येतो, इथे नाही.

कोणती लिफ्ट आधी कुरकुरते

बेंच प्रेस, जवळजवळ नेहमीच. छातीचा आणि पाठीचा घेर कमी झाला की बारला छातीपर्यंत जास्त खाली यावं लागतं; दोन-अडीच सेंटिमीटरचा फरकही तळाशी जाणवतो. वजन उतरल्यावर छातीवर बार टेकण्याची जागा थोडी सरकते, म्हणून पकडीची रुंदी आणि पाठीची कमान पुन्हा बसवून घ्या. आठवड्यातून दोनदा बेंच करण्यामागेही हेच कारण आहे: बदलत्या शरीराशी पकड जुळवायला सराव लागतो. वाढ करायची झाली तर अडीच किलोच्या उडीऐवजी बारच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या किलोच्या प्लेट लावा.

स्क्वॉटमध्ये पोट आणि मांड्या तळाशी एकमेकांवर टेकून जो आधार मिळायचा तो कमी होतो. त्यामुळे माणूस नकळत पूर्वीपेक्षा खोल जातो आणि उठताना अडकतो. बारवरचं वजन उतरवण्याआधी किती खोल जाता ते तपासा. बेल्टचं भोक एक-दोनने आत घ्यावं लागतं. लिव्हरचा बेल्ट असेल तर स्क्रू काढून लिव्हर सरकवायला विसरू नका. सैल बेल्टवर पोटाचा दाब तयार होत नाही, आणि लोक ताकद गेली म्हणून हळहळत बसतात.

डेडलिफ्ट बहुतेकांची टिकते, काहींची तर पोट आड येत नसल्याने सुरुवातीची स्थिती सुधारते. पुल-अप आणि डिप्स आपोआप सोपे होतात. तिथे शरीराचं वजन आणि कमरेला बांधलेलं वजन यांची बेरीज लिहा. ५ किलो उतरलेला माणूस पूर्वीइतकेच पुल-अप मारत असेल, तर ओढण्याची ताकद प्रत्यक्षात कमी झाली आहे. ही घट सहज लपते.

चालणं, सायकल, धावणं

चालणं सर्वांत स्वस्त पडतं. दिवसाला आठ ते दहा हजार पावलं ठेवा आणि ती मोजा, कारण कमी खाल्लं की माणूस न ठरवताही कमी हलतो. जिन्याऐवजी लिफ्ट, उभं राहण्याऐवजी बसणं. तीन आठवड्यांनी वजन अडलं की पहिल्यांदा पावलं पाहा, ताट नंतर.

वर आणखी काही हवं असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा २० ते ३० मिनिटं सायकल किंवा चढावर चालणं, बोलता येईल इतक्या दमाने. वजनाच्या व्यायामानंतर करा किंवा त्यापासून सहा तास दूर. लांब धावणं आणि पायांचे स्प्रिंट हे स्क्वॉटचा वाटा खातात. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये हे दाखवलं होतं. दहा आठवडे ताकद आणि दमसास दोन्हींचा कसून व्यायाम करणाऱ्यांची पायांची ताकद सुरुवातीला वाढली आणि शेवटच्या आठवड्यांत उतरली. त्यांचं काम सामान्य माणसाच्या कितीतरी पट होतं, त्यामुळे आठवड्यातल्या दोन सायकल फेऱ्यांना घाबरायचं कारण नाही.

झोप

सात ते नऊ तास. शिकागो विद्यापीठाच्या २०१० च्या छोट्या प्रयोगात त्याच लोकांना सारख्याच तुटीवर एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास अंथरुणात ठेवलं. वजन साधारण तेवढंच घटलं, पण कमी झोपेत त्यातला चरबीचा वाटा ५५ टक्क्यांनी कमी झाला आणि चरबीविरहित वजन ६० टक्क्यांनी जास्त गेलं. म्हणजे ताट तेच आणि तूट तीच, गेले मात्र स्नायू. भुकेने झोप मोडत असेल तर दिवसातले काही कार्ब्स रात्रीच्या जेवणाकडे सरकवा.

ताकद घसरली तर काय पाहायचं

दर आठवड्याला प्रत्येक टॉप सेटवरून अंदाजी कमाल काढा: उचललेलं वजन गुणिले (१ अधिक रेप्स भागिले ३०). १०० किलोच्या ५ रेप्स म्हणजे सुमारे ११६.७ किलो. सेटमध्ये रेप्स शिल्लक ठेवल्या असतील तर त्याही मोजा. १०० च्या ३ रेप्स मारून दोन शिल्लक असतील तर सूत्रात ५ घाला. हा आकडा, सकाळच्या वजनाची सरासरी, कमरेचा घेर आणि झोपेचे तास अशा चार रकान्यांची वही पुरते.

एका दिवसाची घसरण सोडून द्या. सलग दोन आठवडे अंदाजी कमाल ५ टक्क्यांहून जास्त खाली असेल, तर खालच्या क्रमाने तपासा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळं एकदम बदललं तर कशाने गुण आला ते कळत नाही.

वजन उतरण्याचा वेग आधी पाहा. आठवड्याला एक टक्क्यापेक्षा जास्त जात असेल तर दिवसाच्या १५० ते २०० कॅलरी वाढवा, त्याही कार्ब्समधून. वेग ठीक असेल तर झोप पाहा. तीही ठीक असेल तर व्यायामाआधी काय आणि किती वाजता खाल्लं ते पाहा. रिकाम्या पोटी संध्याकाळी सात वाजता डेडलिफ्ट मारायला गेलात तर उत्तर तिथेच आहे. मग प्रोटीन खरोखर मोजलंय की अंदाजाने, ते पाहा. हे सगळं जागेवर असेल तर आणखी दोन-तीन सेट काढा. आणि तरीही बार हलत नसेल तर हलका आठवडा घ्या.

सगळ्या लिफ्ट एकदम घसरल्या तर कारण बहुधा खाणं, झोप किंवा साचलेला थकवा. एकच लिफ्ट घसरली, बाकीच्या जागेवर आहेत, तर तंत्र किंवा दुखणं शोधा.

काही खुणा मात्र वहीची वाट पाहत नाहीत. पाळी चुकणं किंवा थांबणं, सतत थंडी वाजणं, कामेच्छा नाहीशी होणं, वारंवार आजारी पडणं, बरं न होणारं हाडाचं दुखणं. यांचा अर्थ शरीराला रोजच्या कामकाजापुरतीही ऊर्जा मिळत नाही आहे. तूट तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना भेटा.

मधला थांबा आणि शेवट

सलग आठ ते दहा आठवडे तूट घेतल्यावर एक-दोन आठवडे वजन स्थिर राहील इतकं खा, वाढवलेल्या कॅलरी मुख्यतः कार्ब्समधून. याने चरबी वेगाने उतरते असा दावा केला जातो. व्यायाम करणाऱ्यांच्या बाबतीत त्याला भक्कम आधार नाही. खरा फायदा असा की ग्लायकोजेन भरतो, दोन आठवडे जड बार मनासारखा हलतो, आणि पुढचा टप्पा सुरू करायला डोकं ताजं होतं. आठवड्याच्या शेवटी मोकळं सोडलेलं एक जेवण म्हणजे असा थांबा नव्हे. त्या एका जेवणात पाच दिवसांची तूट भरून निघू शकते.

ठरलेलं वजन आलं की कॅलरी हळूहळू, महिनाभर ५०-५० ने वाढवत बसायची गरज नाही. सरळ नव्या वजनाच्या स्थिर पातळीवर या. ती पातळी जुन्यापेक्षा कमी असेल, कारण शरीर हलकं झालं आहे. आपल्या ८० किलोच्या माणसाला ७४ वर २६०० ऐवजी साधारण २३५० पुरतील. पहिल्या आठवड्यात काटा एक-दीड किलो वर जाईल. तो ग्लायकोजेन आणि पाणी आहे, लगेच पुन्हा तूट सुरू करू नका.

काढलेले सेटही याच वेळी परत आणा, दर आठवड्याला प्रत्येक लिफ्टचे एक-दोन. सगळे एकदम आणले तर गुडघे आणि कोपर बोलायला लागतात. कमाल वजनाची परीक्षा घ्यायची असेल तर पोटभर खाल्लेले दोन-तीन आठवडे आधी जाऊ द्या, परीक्षेच्या लगेच आधीचा आठवडा हलका ठेवा, आणि पहिला प्रयत्न कटिंगमधल्या शेवटच्या अंदाजी कमालीच्या ९२ टक्क्यांवर करा.